वूंडवॉर्टच्या आधीचं राजकारण

प्रश्न : ‘वॉटरशिप डाउन’ हा १९७८चा ब्रिटिश अ‍ॅनिमेशनपट पाहिला. घर सोडून निघालेल्या सशांची ही गोष्ट हुकूमशाहीवरचं रूपक आहे म्हणतात. म्हणजे फक्त जनरल वूंडवॉर्ट या हुकूमशहा सशावर का? आणि सात वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

उत्तर : मूळ कादंबरीचे लेखक रिचर्ड अ‍ॅडम्स रूपकाची गोष्ट कायम झटकून टाकत, ही नुसती सशांची कथा आहे म्हणत. तरी राजकारण त्यात आहेच, आणि ते वूंडवॉर्टच्या बऱ्याच आधी सुरू होतं. सशांची मूळ वसाहत सँडलफर्डची. तिथल्या मुखियाला धोक्याची सूचना मिळते. तो सूचना देणाऱ्यांना गोड बोलून वाटेला लावतो. कुरणात बांधकामाची पाटी उभी असते, पण सशांना वाचता कुठे येतं!

आमच्या मते सगळ्यांत भयंकर वसाहत वाटेत भेटणाऱ्या काउस्लिप या सशाची. तिथे पहारा नाही, मारहाण नाही. शेतकरी आयतं खाणं टाकतो आणि अधूनमधून तारेच्या फासात एखादा ससा धरतो. सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणीच नाही. कादंबरीत तर ‘अमका कुठे आहे?’ असं विचारणंसुद्धा तिथे वर्ज्य आहे.

वूंडवॉर्टच्या एफ्राफा या वसाहतीत प्रत्येक सशाला चावून खूण केलेली असते आणि चरायला बाहेर पडायचं ते त्या खुणेच्या ठरल्या वेळीच. कारण वरवर पटणारं आहे : माणसांना वसाहतीचा पत्ता लागू नये. पण बाहेर जायची बंदी, म्हणून आत दाटी. आणि दाटीमुळे माद्यांचे गर्भ पोटातच जिरतात. कादंबरीतला हा तपशील सशांच्या खऱ्या शरीरधर्मातून आलेला आहे. पळू पाहणाऱ्या ब्लॅकाव्हार या सशाचे फाटलेले कान बाकीच्यांना दहशत बसावी म्हणून आहेत. माद्यांची बाजू मात्र कथेत लंगडी पडते. घर सोडून आलेल्या सशांच्या नव्या वसाहतीला त्या हव्यात त्या मुख्यतः पिल्लांसाठी.

एफ्राफावाल्यांशी शेवटच्या झुंजीत या नव्या वसाहतीतल्या दांडग्या बिगविगचं वाक्य नीट ऐका : आपल्या मुखियाने हे बीळ राखायला सांगितलंय. एवढा दांडगा गडी मुखिया नाही, म्हणजे त्याहून मोठा कुणीतरी मागे असणार, असं एफ्राफावाले धरून चालतात. मुखिया असतो लंगडणारा हेझल. ताकदीखेरीज दुसऱ्या कशाने कुणी पुढारी होतो, हे त्यांच्या डोक्यात शिरूच शकत नाही.

मुलीला आत्ता नको. ब्रिटनमध्ये आधी ‘यू’, म्हणजे सर्वांसाठी, असलेलं प्रमाणपत्र पुढे ‘पीजी’ झालं. फासाचा प्रसंग आणि शेवटची झुंज, दोन्हींत रक्त आहे. आधी तुम्ही पुन्हा एकदा पाहा.