शाळेत न गेलेल्या आजीला शब्द सांगायच्या चाचणीत कमी गुण पडले. शिक्षणाचा यात किती हात असतो?

फार मोठा. आमच्या आईचंच सांगतो.

आई करवीर तालुक्यातली. शाहू महाराजांनी 1917 सालीच शाळा सक्तीची केली, तरी हिला दुसरीतनं काढून म्हशींमागं धाडलं. दोन वर्षांपूर्वी गॅसवर दूध विसरली म्हणून कोल्हापुरात एका दवाखान्यात नेलं. तिथल्या मुलीनं मिनिट लावलं, "आजी, प वरनं शब्द सांगा."

"पन्हाळा, पंढरपूर, पारूबाई..." विशेषनामं धरत नाहीत, तिन्ही बाद. मग "पाणी, पेंड" म्हणाली आणि गप्प. पुढं जनावरं विचारली. "म्हैस, रेडा, वगार, रेडकू." मुलीनं चौघांची मिळून एकच खूण केली. वगारीचा आणि दुभत्या म्हशीचा बाजारात एक भाव असतो का?

शब्दाचं पहिलं अक्षर सुटं करायची सवय पाटीवर लागते. म्हणून अक्षराच्या चाचणीत शिक्षणाचा फरक सगळ्यात जास्त पडतो. वयाचा फरक प्राण्यांसारख्या यादीत जास्त दिसतो, बाई-पुरुष फरक किरकोळ. पोर्तुगालमध्ये निरक्षरांना प्राणी विचारले तर ते शिकलेल्यांच्या मागं पडले, पण सुपरमार्केटातल्या खायच्या वस्तू विचारल्यावर बरोबरीला आले. मोका म्हणून स्मरण, लक्ष वगैरे तपासायची एक छोटी चाचणी असते, तीत 12 वर्षं किंवा कमी शिक्षण असलं तर 1 गुण वाढवून देतात. दुसरीवाल्या बाईला तेवढ्यानं काय होणार?

आमच्याकडं आईच्या चाचणीच्या गुणांचा कागद दादानं मुंबईत फोनवर बघितला आणि ठरवून टाकलं, आईला आता काही कळत नाही, दूध संस्थेचं पासबुक माझ्याकडं द्या. दादा पदवीधर आहे, त्याला प वरनं पन्नास शब्द येतील. कुठली म्हैस कधी आटणार ते येत नाही. मी पासबुक दिलं नाही, त्यावरनं आमचं बोलणं बंद आहे.

मी डॉक्टर नाही. आजीचा स्वतःचाच आधीचा आकडा घसरत असेल, रोजची कामं चुकत असतील, तर मेंदूच्या डॉक्टरांना जरूर दाखवा, आणि शाळा किती झाली ते आधी सांगा. पण एका कागदावरनं कुणी तिचा व्यवहार हातात घेत असेल तर घेऊ देऊ नका. गेल्या दहा दिवसांच्या दुधाच्या बिलात फॅट चुकीचा लागला होता, तो आईनंच धरला. ते बिल मी दादासाठी जपून ठेवलंय.