दोन चोऱ्या: स्टोइकांचं प्राक्तन आणि ख्रिस्ती इच्छास्वातंत्र्य

तुमचा प्रश्न असा: स्टोइक (प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांचा एक पंथ) म्हणतात सगळं आधीच ठरलेलं आहे, ते स्वीकारा, ख्रिस्ती म्हणतात देवानं माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलंय. मग ही दोन्ही मतं एकमेकांच्या विरुद्धच नाहीत का?

विरुद्ध आहेत, पण तुम्ही बोट ठेवलंत त्या जागी नाहीत.

स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो एकदा चोरी केली म्हणून गुलामाला फटके देत होता. गुलाम म्हणाला, "चोरी करणं माझ्या नशिबातच होतं." झेनो म्हणाला, "हो, आणि फटके खाणंही." (गुलामाला मारणाऱ्या तत्त्वज्ञाकडून स्वातंत्र्याचे धडे घ्यायचे, हे मलाही खटकतं.) मुद्दा एवढाच, की 'ठरलेलं होतं' ही सबब चालत नाही. का चालत नाही, ते पुढे त्याच पंथातल्या क्रिसिपसनं सांगितलं. आपल्या भाषेत सांगायचं तर उतारावर एक वरवंटा ठेवा आणि एक भोवरा आडवा ठेवा. दोघांना सारखाच धक्का द्या. वरवंटा सरळ घरंगळत जाईल, भोवरा गोल गोल फिरेल. धक्का बाहेरचा, चाल मात्र ज्याची त्याची. म्हणून कृत्यही ज्याचं त्याचं. 'बरं व्हायचं असेल तर होईन, वैद्य कशाला?' असं म्हणणाऱ्याला तो सांगे की वैद्याला बोलावणंही त्याच साखळीत ओवलेलं असू शकतं. थोडक्यात, 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' हा स्टोइकवाद नव्हे.

आता दुसरी चोरी. पुढे ख्रिस्ती बिशप झालेल्या ऑगस्टिननं सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची पेअर चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती. बहुतेक सगळी डुकरांपुढे टाकली. चाळिशी ओलांडल्यावर 'कन्फेशन्स' हे आत्मकथन लिहिताना तो या फळांपाशी पानंच्या पानं अडकून पडतो: का केलं मी हे? नशिबावर ढकलत नाही. पण 'माझी इच्छा मोकळी होती' म्हणून प्रश्न मिटवतही नाही. त्याच पुस्तकात 386 सालच्या मिलानमधल्या घालमेलीबद्दल तो लिहितो, की मन हाताला हुकूम करतं आणि हात लगेच हलतो; मन स्वतःलाच हुकूम करतं, तेव्हा मात्र ऐकत नाही. इच्छा आहे, पण ती दुभंगलेली. देवाच्या कृपेवाचून ती सरळ होत नाही, यावरून त्याचं, माणूस स्वतःच्या बळावर चांगलं वागू शकतो असं मानणाऱ्या पेलेजियसशी वाजलं, आणि 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलेजियसच्या मतांचा निषेध केला. पुढे 1524 मध्ये ख्रिस्ती विद्वान इरॅस्मसनं इच्छास्वातंत्र्याच्या बाजूनं लिहिलं, तर दुसऱ्याच वर्षी धर्मसुधारक ल्यूथरनं इच्छा गुलाम आहे असं ठणकावलं. तेव्हा 'ख्रिस्ती मत' म्हणताना कुणाचं, हे विचारावं लागतं.

आणखी एक गंमत. 'राजी असलेल्याला दैव वाट दाखवतं, नाखुशाला फरफटत नेतं' अशा अर्थाची रोमन स्टोइक सेनेकाची ओळ ऑगस्टिन 'सिटी ऑफ गॉड'च्या पाचव्या भागात स्वतः उद्धृत करतो आणि म्हणतो, परमेश्वराच्या इच्छेलाच हे लोक दैव म्हणत असतील तर शब्दावरून भांडण नको.

माझ्या मते खरा फरक दैवात नाही, गाऱ्हाणं ऐकणारं कुणी आहे का यात आहे. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू आधी 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' अशी विनवणी करतो, मगच 'तुझी इच्छा' म्हणतो. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसला दुसरा अर्धा भाग मनापासून पटला असता. पहिल्याचं त्यानं काय केलं असतं?

एपिक्टेटस म्हणतो, प्रत्येक गोष्टीला, कपाला असतो तसे, धरायला दोन कान असतात. भावानं अन्याय केला, तर 'अन्याय' हा कान धरू नका, 'भाऊ' हा धरा. गावच्या घराच्या वाटणीवरून आमचं बिनसलं तेव्हा मी हे कागदावर लिहून खिशात ठेवलं होतं. पुढे जुनी कागदपत्रं चाळताना कळलं, की चूक माझी होती. मग कुठला कान धरायचा? शिकलेला माणूस ना दुसऱ्याला दोष देतो, ना स्वतःला, असंही एपिक्टेटस सांगतो. मला ते पुरलं नाही. मला क्षमा मागायची होती. मी ख्रिस्ती नाही, तरी तेव्हा ऑगस्टिनच जवळचा वाटला. बस चुकली, बढती हुकली की अजूनही एपिक्टेटसच.

वाचायचं असेल तर एपिक्टेटसची 'एन्कायरिडियन' ही छोटी पुस्तिका एका बैठकीत होते. 'कन्फेशन्स' अख्खं झेपलं नाही तर दुसरा आणि आठवा भाग आधी वाचा. फळं दुसऱ्यात आहेत.