जुन्या जीपला पुढे डिस्क ब्रेक बसवले, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नाही, पेडल दगडासारखं कडक लागतं, हलकं कसं करू?

आधी पेडल रेशो मोज. पिव्हटपासून, म्हणजे पेडल ज्या पिनेवर फिरतं तिथपासून, पायाच्या प्लेटच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले पिव्हटपासून पुशरॉडपर्यंतचं (पुशरॉड म्हणजे पेडलने ढकलला जाणारा दांडा). १२ इंच आणि ३ इंच आलं तर रेशो ४, तो बूस्टरवाल्या गाडीचा झाला, बिनबूस्टरला साधारण ६ लागतो. पुशरॉडचं भोक पिव्हटपासून २ इंचावर घेतलंस की ६ होतो, पण मग मास्टर सिलिंडरही (ब्रेक ऑइलवर दाब देणारा, रॉड ज्याचा पिस्टन ढकलतो तो) तेवढाच सरकवावा लागतो, रॉड तिरका राहिला तर पिस्टन घासतो आणि सील जातं.

दुसरं म्हणजे मास्टर सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास. लोकांना वाटतं मोठा सिलिंडर म्हणजे जास्त ताकद, पण असतं उलटं. १ इंचाच्या जागी ७/८ इंचाचा लावला तर त्याच पायाच्या जोरात प्रेशर साधारण ३० टक्के वाढतं, आणि पेडलही तेवढंच जास्त खाली जातं, म्हणून दोन्ही बदल एकदम करू नको, नाहीतर पेडल फ्लोअरला टेकेल.

आणि हो, आपल्या गोव्यात हे आधी बघच, पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिना, ज्यांवर तो सरकतो त्या, गंजून अडकतात. माझ्या गाडीची एक पिन हातोडीने ठोकून काढावी लागली होती, ग्रीस पार सुकून काळं झालेलं. साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं तर निम्मं काम तिथेच झालं.

भोक सरकवण्यासाठी पेडलवर वेल्डिंग मात्र कुणाकडूनही करून घेऊ नको रे, चोर्ला घाट उतरताना ते तुटलं तर काय करशील?