१९३९ चा बॅटरीवरचा अमेरिकन फार्म रेडिओ मिळालाय, बॅटरी नाही. अडॅप्टर लावून बघू का?

नको. कृपा करून अजून काहीच लावू नका.

तुम्ही व्हॉल्व्हची (रेडिओतल्या काचेच्या निर्वात नळ्यांची) नावं दिलीत (१ए७, १एन५, १एच५, १सी५) हे फार बरं केलंत. या चारहींच्या फिलामेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) १.४ व्होल्ट लागतात. नुसता सुरुवातीचा १ बघून चालत नाही, कारण १ए६, १सी६ हे त्याआधीचे व्हॉल्व्ह २ व्होल्टचे असतात.

तुमच्या व्हॉल्व्हची फिलामेंट अतिशय बारीक असते. पहिले तीन प्रत्येकी ५० मिलिअँपिअर घेतात, १सी५ शंभर. प्लेटला (व्हॉल्व्हमधला करंट गोळा करणाऱ्या पत्र्याला) मात्र ९० व्होल्ट लागतात. ते चुकून फिलामेंटवर आले की खेळ खलास. माझ्या पहिल्या रेडिओत वायरींचं रबर कुजलं होतं, प्लग खोचताना दोन तारा टेकल्या आणि चारही व्हॉल्व्ह गेले. ठिणगीसुद्धा दिसली नाही. त्याची हळहळ अजून वाटते, म्हणून इतकं सांगतोय.

आधी सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवा, कुठला कुठून काढला ते लिहून ठेवा. पिन २ आणि ७ मध्ये फिलामेंट शाबूत आहे का ते डिजिटल मल्टिमीटरनेच बघा. काट्याचा जुना मीटर कमी ओहमच्या रेंजवर जास्त करंट सोडतो, तेवढ्यानेही फिलामेंट जाऊ शकते.

मग मेणाचे कागदी कंडेन्सर सगळे बदला. दिसायला चांगले असले तरी बदला, ते आतून लीक होतात. सर्वांत आधी १एच५ च्या प्लेटपासून १सी५ च्या ग्रिडला (करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीला) जाणारा. तो लीक झाला की आवाज फाटतो आणि १सी५ बॅटरी पिऊन टाकतो. कुजलेल्या वायरी बदला.

बॅटरीचं सोपं आहे. ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की ९० होतात, आणि फिलामेंटसाठी दीड व्होल्टचा मोठा सेल पुरतो. दोन्हींचे निगेटिव्ह बाहेर एकत्र जोडू नका. बऱ्याच सेटमध्ये त्यांच्यामध्ये आत रेझिस्टर असतो, त्यावरूनच १सी५ ला बायस (ग्रिडला लागणारा निगेटिव्ह व्होल्टेज) मिळतो.

व्हॉल्व्ह न लावता दोन्ही बॅटऱ्या जोडून सेट चालू करा आणि प्रत्येक सॉकेटच्या २ व ७ वर व्होल्ट मोजा. दीडच्या आसपास आले तरच पुढे जा. पहिल्यांदा व्हॉल्व्ह लावताना ९० च्या पॉझिटिव्हमध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर घाला. कुठे शॉर्ट असलाच तरी करंट ४१ मिलिअँपिअरच्या वर जाणार नाही. आवाज थोडा दबका येईल, सगळं ठीक दिसल्यावर तो काढून टाका.

व्हॉल्व्ह पेटलेला दिसत नाही म्हणून मेला असं समजू नका. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत दहापैकी जेमतेम एका शेतावर वीज होती, ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा १९३६ चा. बॅटरी संपली की बातम्या, हवामान, बाजारभाव सगळं बंद. म्हणून हे सेट मिलिअँपिअर मोजून बनवलेत. फिलामेंट अंधारातच, तीही जेमतेम, लालसर दिसते. आवाज मात्र बटण फिरवताच येतो, तापायची वाट बघावी लागत नाही.

नुसती खरखर आली तर घाबरू नका. या सेटला बाहेरची एरियल लागते. दहा-पंधरा मीटर वायर उंच ताणा, अर्थ द्या, आणि मिडियम वेव्हवर रात्री शोधा. दिवसा न लागणारी लांबची स्टेशनं तेव्हा लागतात.