ओटीबाहेरची रामरक्षा

प्रश्न: ताई, मी कॉलेजपासून देव मानत नाही, घरी यावरून भांडणंही झालीयेत. गेल्या महिन्यात बाबांची बायपास झाली, पाच तास ओटीबाहेर (ऑपरेशन थिएटरबाहेर) बसून होतो आणि कधी रामरक्षा म्हणायला लागलो कळलंच नाही. लहानपणी आजीने पाठ करून घेतलेली. म्हणताना बरं वाटलं, पण आता लाज वाटतेय, मी ढोंगी आहे का? त्यात आत्या म्हणते तू देवाला मानत नाहीस म्हणूनच बाबांवर ही वेळ आली.
– एक वाचक, सांगली

उत्तर: अहो, ढोंग दुसऱ्याला दाखवायला करतात. तुम्ही ओठातल्या ओठात म्हणत होतात, ते कोणाला दिसणार होतं?

मालिनोव्स्की नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिले होते. तिथले कोळी किनाऱ्याजवळच्या उथळ शांत पाण्यात मासे धरायचे तेव्हा मंत्रबिंत्र काही नाही, आणि खोल समुद्रात जायचं असलं, जिथे जीव जाऊ शकतो, की सगळे विधी साग्रसंगीत. ती माणसं काही भोळी नव्हती, होडी कशी बांधायची वारा कसा ओळखायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण जिथे आपलं कौशल्य संपतं तिथे हातावर हात ठेवून बसवत नाही हो माणसाला. ओटीचं दार बंद झालं की तुमच्या हातात काय उरलं होतं? सही करून झाली, पैसे भरून झाले.

आणि म्हणालात ते काय, तेही बघा. रामरक्षा डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव घेत जाते, शिरो मे राघवः पातु, मग कपाळ, डोळे, कान, आणि मध्येच येतं ‘हृदयं जामदग्न्यजित्’, म्हणजे परशुरामाला जिंकणारा राम हृदयाचं रक्षण करो. आत बाबांच्या हृदयावर शस्त्रक्रिया चाललेली आणि बाहेर मुलगा ही ओळ म्हणतोय. मला तरी यात लाजण्यासारखं काही दिसत नाही, उलट वाचताना माझेच डोळे भरले.

शरीराचाही भाग आहे यात. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी लॅटिनमधली मेरीची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले, दोन्हीत श्वास मिनिटाला साधारण ६ वर आला, एरवी आपण त्याच्या दुप्पट तरी घेतो. रामरक्षेवर तो प्रयोग नव्हता, पण एका लयीत मोठी ओळ म्हटली की श्वास लांबतो हे तुम्ही आत्ता घरी बसूनही करून बघू शकता. शिवाय ती आजीच्या आवाजातच आठवते ना? दिवेलागणीला, मांडीवर बसून. मग तिथे तुम्ही एकटे नव्हतातच. यातून देव आहे असं सिद्ध होत नाही, नाही असंही होत नाही, तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा.

आत्याचं मात्र मला अजिबात पटलं नाही. श्रद्धेने धीर मिळतो, पण ‘देवाने शिक्षा केली’ असं डोक्यात बसलं की तीच श्रद्धा माणसाला आजारपणात आणखी खचवते, मी हे पेशंटच्या घरच्यांमध्ये खूप वेळा पाहिलंय. धमन्यांमध्ये ब्लॉकेज कशाने होतात ते डॉक्टरांना विचारा, शुगर, बीपी, तंबाखू, घरात कोणाला होतं का, आणि तुमचीही एकदा तपासणी करून घ्या. आत्याही भावाच्या काळजीने घाबरलीये, तिच्याशी वाद घालू नका, पण ते वाक्य बाबांच्या कानावर जाऊ देऊ नका.

बाबा आता घरी आलेत ना? बाहेर बसून रामरक्षा म्हणत होतो हे त्यांना सांगितलंत का? सांगा.