वाचकांचे प्रश्न : जुना लेथ, नवे भाग

प्रश्न : एका बंद झालेल्या शाळेच्या कार्यशाळेतला लाकूडकामाचा जुना विलायती लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) भंगाराच्या भावात मिळाला. कंपनीची पाटी झिजून कोरी झाली आहे. मोटर नाही, बेल्ट तुटलाय, स्पिंडल (लाकूड फिरवणारा दांडा) हाताने फिरवला तरी खरखरतो आणि टेलस्टॉकचं, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक धरणाऱ्या भागाचं, सेंटर (टोकदार आधार) हरवलं आहे. सुटे भाग कुठे शोधावेत? – एक वाचक, सांगली

उत्तर : भाग कंपनीच्या नावाने शोधू नका, मापाने शोधा. लेथ कोणाचाही असो, त्यातली बेअरिंग, बेल्ट, टेपर (सेंटर बसण्याचं निमुळतं भोक) हे बहुधा प्रमाणित मापाचं असतं. बीड (ओतीव लोखंडाचा सांगाडा) फुटलेलं नसेल आणि स्पिंडल वाकलेला नसेल, तर यंत्र नक्की उभं राहतं. एक चांगला व्हर्नियर (बारीक मापं घेणारं साधन) मात्र हवाच.

आधी बेअरिंग पाहा. त्याच्या तोंडावर नंबर कोरलेला असतो. पुसला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. २०-४७-१४ मिमी म्हणजे ६२०४, २५-५२-१५ म्हणजे ६२०५, ३०-६२-१६ म्हणजे ६२०६. तुमचा लेथ विलायती आहे, म्हणून इथे जपून. आतला व्यास २५.४०, बाहेरचा ५७.१५ आणि जाडी १५.८८ भरली, तर ते इंची बेअरिंग आहे. दुकानात आरएलएस ८ किंवा एलजे १ म्हणून मागा. इंची स्पिंडलवर ६२०५ ठोकून बसवायचा प्रयत्न अनेक जण करतात. ०.४ मिमीच्या फरकाने ते चढत नाही, आणि चढावं म्हणून स्पिंडल घासला की त्याचं सेंटर कायमचं बिघडतं. लाकडाचा भुसा आत जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं, म्हणजे टू-आरएस घ्या. इंची मापात सील मिळालं नाही तर उघडं घ्या, पण हेडस्टॉकचे, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या भागाचे, फेल्ट (नमद्याच्या चकत्या) नवे घाला.

जुनं बेअरिंग पुलरने काढा. स्पिंडल सुटला की नवं बेअरिंग चढवण्याआधी आत बेल्ट अडकवून घ्या, जमलं तर एक जादाही. बऱ्याच जुन्या लेथमध्ये पुली दोन बेअरिंगांच्या मध्ये असते. बेल्ट विसरला तर सगळं पुन्हा खोलावं लागतं. नवं बेअरिंग ८०-९० अंशांपर्यंत गरम करा, सील असेल तर त्याहून जास्त नको. स्पिंडलवर चढवताना आतल्या रिंगवर टेकणारा पाइप वापरा. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांचे ठसे ट्रॅकवर उमटतात आणि नव्या बेअरिंगचीही खरखर सुरू होते. पुढचं, म्हणजे चकाच्या (लाकूड पकडणाऱ्या जबड्याच्या) बाजूचं बेअरिंग जागेवर पक्कं हवं आणि मागच्याला किंचित सरकायला वाव हवा. तिथे लाटेसारखा वाकवलेला स्प्रिंग वॉशर असेल तर तो जपून परत घाला. दोन्ही टोकं घट्ट आवळली, तर तापून लांबलेल्या स्पिंडलला जागाच उरत नाही.

मोटर १ एचपी, १४४० आरपीएमची पुरते. शाफ्ट १९ मिमी असेल तर पुली अडकवणारी चावी ६ मिमीची, २४ असेल तर ८ मिमीची. पुली घेताना हे सांगा. मोटरवर ३-४-५ इंचांची पायरी पुली आणि स्पिंडलवर ६-५-४ ची, अशी जोडी जमवता आली तर मिनिटाला ७२०, ११५२ आणि १८०० फेरे मिळतात. प्रत्येक जोडीची बेरीज ९ इंच आहे, म्हणून तिन्ही पायऱ्यांवर एकच बेल्ट चालतो. मूळ स्पिंडल-पुली हेडस्टॉकमध्येच असेल तर तिच्या पायऱ्या मोजा आणि मोटरची पुली तशी बेरीज जमवून घ्या. कामाचा इंचांतला व्यास गुणिले फेरे हे ६००० ते ९००० मध्ये ठेवा. १२ इंची वाडगा ७२० वर चालतो, पण ओबडधोबड ओंडका त्या वेगाने लावू नका. आधी रंधा-करवतीने गोल करून घ्या.

बेल्टच्या मापात हमखास चूक होते. तेरा मिमी रुंदीचा ‘ए’ बेल्ट आतल्या लांबीने विकला जातो. पुलींच्या कडेवरून सुतळी गुंडाळून ४२ इंच भरली, तर ए-४२ आणू नका, ए-४० आणा. मोटरच्या बोल्टची भोकं लांबट ठेवा, म्हणजे ताण देता येईल. बेल्ट खाचेच्या तळाला टेकता कामा नये. पकड बाजूंची असते. तळाला टेकला की घसरतो.

टेलस्टॉकच्या भोकाचं तोंड मोजा. साधारण १२ मिमी असेल तर मोर्स टेपर नं. १, १७.८ असेल तर नं. २. दोन्हींची फिरती सेंटरं टूल्सच्या दुकानात सहज मिळतात. लोखंडकामाचं ६० अंशांचं टोक लाकूड फाडतं, म्हणून मध्ये टोक आणि भोवती कडा असलेलं वाटीचं सेंटर मागा. भोकात गंज असेल तर कापड आणि डिझेलने साफ करा. एमरी फिरवू नका; भोक बिघडतं आणि सेंटर डुलायला लागतं. मग दोन्ही सेंटरची टोकं समोरासमोर आणून भिडवा. उंचीत फरक दिसला तर ज्या बाजूचं टोक खाली असेल तिच्या बुडाखाली पितळी पत्र्याची शिम (पातळ पट्टी) घाला.

चक शेवटी घ्या. स्पिंडलच्या टोकाचा व्यास मोजा, एका इंचात आटे किती ते मोजा. १ इंच × ८ आटे असेल तर नशीब, चक तयार मिळतो. जुन्या विलायती लेथवर १० किंवा १२ आटेही सापडतात. मग टर्नरकडून बॅकप्लेट (चक आणि स्पिंडल जोडणारी तबकडी) बनवून घ्या. स्पिंडलच्या आट्यांना हात लावू नका. बॅकप्लेट आट्यांवर नव्हे, स्पिंडलच्या खांद्यावर सपाट टेकली पाहिजे. ते जमलं नाही तर चक दर फेऱ्याला डुलेल.

सगळं जुळल्यावर चक न लावता, सर्वांत कमी वेगावर अर्धा तास चालवा. हेडस्टॉक कोमट झाला तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर मागचा नट सैल करा.

प्रश्न : माझ्या लेथला ४१५ व्होल्टची थ्री-फेज मोटर आहे, घरी सिंगल फेज. ड्राइव्ह लावून चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : चालेल, आणि वेग कमी-जास्त करता येईल ही मोठी सोय. २३० व्होल्ट सिंगल फेज घेऊन २३० व्होल्ट थ्री-फेज देणारा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) घ्या. मोटरची पाटी वाचा. स्टार आणि डेल्टा या मोटरच्या वेटोळ्यांच्या दोन जोडण्या आहेत. ४१५ व्होल्ट ‘स्टार’ लिहिलं असेल तर टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या बदलून जोडणी डेल्टा करा. तशी न करता ड्राइव्ह लावला तर मोटर फिरते, पण गूज (कातायची पटाशी) लाकडात घुसताच थांबते. पाटीवर ‘डेल्टा’ असेल तर हा मार्ग नाही. बॉक्समध्ये सहाऐवजी तीनच तारा असतील तर स्टारचा जोड आत आहे. रिवाइंडिंगवाल्याकडून सहाही टोकं बाहेर काढून घ्या.

पाटीवरच्या स्टारच्या अँपिअरला १.७३ ने गुणून तो आकडा ड्राइव्हमध्ये भरा, नाहीतर ओव्हरलोडचं संरक्षण चुकीचं लागतं. मोटर आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये स्विच बसवू नका. चालू-बंद ड्राइव्हच्या बटणानेच करा. २० हर्ट्झच्या खाली फार वेळ नको, कारण मोटरचा पंखाही मंदावतो आणि ती तापते. मंद वेग लागला तर आधी बेल्ट स्पिंडलच्या मोठ्या पायरीवर घ्या. थांबण्याचा वेळ ६-८ सेकंद ठेवा. झटक्यात थांबवलं किंवा उलट फिरवलं, तर आट्यांवरचा चक सुटून अंगावर येतो. ड्राइव्ह भुशापासून दूर बसवा आणि अर्थिंग मोटरच्या अंगापर्यंत न्या.

प्रश्न : आमच्या लाखकामाच्या जुन्या लेथला गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश, म्हणजे स्पिंडल ज्यात फिरतो त्या नळ्या, आहेत. आता ते खडखडतात. बॉल बेअरिंग बसवू का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नको. त्यासाठी हेडस्टॉकचं बीड बोअर करावं लागेल, आणि तिथे सेंटर चुकलं की परतीची वाट नाही. बुश चांगले असले की स्पिंडल अतिशय मऊ चालतो. लाखेला असा थरथर नसलेला फिरता पृष्ठभागच हवा.

आधी स्पिंडल तपासा. बुशच्या जागी तो चार ठिकाणी मोजा. लांबोळा झाला असेल तर ग्राइंडिंग करून गोल करा आणि मगच त्या मापावर नवे बुश कातून घ्या. क्रम उलटा केला तर नवा बुश महिन्याभरात सैल होतो. २५ मिमीच्या शाफ्टला ०.०३ ते ०.०५ मिमी सैलपणा ठेवा. तेल ३२ किंवा ४६ नंबरचं घाला. खाद्यतेल चिकट होऊन बसतं, ते वापरू नका. तेलाचं भोक भुशाने बुजलेलं असतं, तारेने मोकळं करा.

आणि चकाकडच्या बुशपुढे स्पिंडलवर पत्र्याची गोल चकती बसवा. तिने उडणारं तेल अडतं. तेलाचा थेंब लाकडावर पडला की तिथे लाख धरत नाही.