प्रवास-शंका: परदेशात मोटरहोम घेताय, पण पासपोर्ट-पैसे-दागिने ठेवणार कुठे?

सुट्टीत युरोप नाहीतर न्यूझीलंडला मोटरहोम भाड्याने घेऊन फिरायचं ठरवणाऱ्यांची पत्रं यावेळी बरीच आलीत आणि जवळपास सगळ्यांची काळजी एकच, की हॉटेल नाही, रूममध्ये तिजोरी नाही, सगळा संसार चार चाकांवर, मग किमती सामान ठेवायचं कुठे. म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच.

प्रश्न : आम्ही चौघं आहोत, मी, मिसेस, मेहुणा आणि त्याची बायको. म्युनिकहून मोटरहोम घेऊन ऑस्ट्रियातून इटलीत उतरणार, गार्डा लेक, व्हेरोना, व्हेनिस करून परत म्युनिक. गाडीवाली कंपनी म्हणते सेंट्रल लॉक आहे, काळजी नको. पण चार पासपोर्ट, कॅश, कार्डं, वर मिसेस मंगळसूत्र आणि पाटल्या काढायला तयार नाही. हे सगळं गाडीत नेमकं कुठे ठेवू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काका, आधी पासपोर्टचं बोलू. मोटरहोमबद्दल नेटवर जे सल्ले सापडतात ते बहुतेक तिकडच्याच लोकांनी एकमेकांना दिलेले असतात. जर्मन माणसाचा पासपोर्ट इटलीत चोरीला गेला तर त्याला मनस्ताप होतो, पण तो गाडी चालवत आपल्या घरी जाऊ शकतो. आपलं तसं नाही. शेंगेन व्हिसा आपल्या पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला असतो, पासपोर्ट गेला की तो गेला, त्याच पासपोर्टात अमेरिकेचा व्हिसा असेल तर तोही गेला, आणि आपल्या दूतावासाकडून तातडीने जे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं ते फक्त भारतात परत येण्यापुरतं असतं. म्हणजे त्या माणसाची ट्रिप तिथेच संपली, आणि चौघांत एकाचा गेला तर बाकीचे तिघं काय गार्डा लेक बघत बसणार आहेत? त्यामुळे पासपोर्ट गाडीत ठेवायचाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कपड्यांच्या आत कमरेला बांधायचा चपटा पाऊच मिळतो, त्यात ज्याचा त्याने ठेवायचा. आपल्याकडे घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट एकाच बाईच्या पर्समध्ये द्यायची पद्धत आहे ती या ट्रिपपुरती तरी मोडा, कारण ती पर्स गेली तर चौघंही एकदम अडकता.

आता गाडीबद्दल. युरोपात भाड्याने मिळणारी बरीचशी मोटरहोम फियाट ड्युकाटोवर बांधलेली असतात, सिट्रोएन जम्पर आणि पेजो बॉक्सर ही त्याचीच भावंडं. सेंट्रल लॉक असतं हे खरं, पण मागच्या राहायच्या भागाच्या खिडक्या काचेच्या नसून अ‍ॅक्रिलिकच्या असतात, प्लास्टिकच म्हणा ना, पटाशीसारखं काही घालून त्या उचकटता येतात. आणि हवेसाठी फटीवर अडकवून ठेवलेली खिडकी तर बंद आहे असं धरूच नका. छतावरच्या झडपेचंही तेच. आतली कपाटं, सीटखालचे खण, फ्रीज, गादीखालची जागा या सगळ्या लपवायच्या जागा चोराला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात, कारण सगळ्या मोटरहोमची रचना साधारण सारखीच असते.

दुसरं म्हणजे आपण घाबरतो रात्रीला, पण गाडी रिकामी असते दिवसा. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये वीस मिनिटं, एखाद्या व्ह्यू पॉइंटला अर्धा तास, जुन्या गावाच्या वेशीबाहेर दोन-तीन तास, खरा धोका तिथे आहे, कारण भाड्याची मोटरहोम लांबून ओळखू येते आणि आत टुरिस्टचं सामान असणार हे कोणालाही कळतं. तुमच्या रूटवर यावर फार चांगला उपाय आहे, गाडी कॅम्पसाइटवर लावायची आणि शहरात ट्रेनने नाहीतर बोटीने जायचं. गार्डाच्या दक्षिण टोकाला पेस्कियेरा आहे, तिथे आसपास कॅम्पसाइट आहेत आणि स्टेशनवरून व्हेरोना ट्रेनने साधारण पंधरा मिनिटं. व्हेनिससाठी फुझिना किंवा पुंता साब्बिओनीच्या बाजूला मुक्काम करा, दोन्हीकडून थेट बोट आहे. इटलीत जुन्या शहरांच्या आत परवानगीशिवाय गाडी घातली की कॅमेऱ्यावरून दंड येतो, तोही वाचेल. कॅम्पसाइटला पैसे पडतात हे मान्य, पण बचत करायची तर ती दुसरीकडे करा, इथे नको. रिसेप्शनवर नोंदीसाठी पासपोर्ट मागतील, तो त्यांना नोंदवू द्या, तुम्ही समोर उभे राहा आणि हातात परत घेऊनच हला. संध्याकाळी या, देतो, असं म्हणाले तर थांबतो म्हणून सांगायचं.

गाडीत काही ठेवावंच लागलं तर लोखंडी वायरची पोर्टेबल तिजोरी मिळते, ती सीटच्या पायाला गुंडाळून लॉक करता येते. भाड्याच्या गाडीत भोकं पाडून तिजोरी बसवता येणार नाही, पण काही गाड्यांत कंपनीनेच बसवलेली असते, बुकिंग करताना विचारून घ्या. एवढ्यावर पक्का चोर थांबेल असं मी म्हणणार नाही, पण घाईत असलेला थांबतो आणि बहुतेक चोर घाईतच असतात. तिच्यात ठेवायची जादा कॅश, एक राखीव कार्ड आणि पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्स. चौघांची फॉरेक्स कार्डं एका जागी नकोत. आणि एक गोष्ट जी लोक विसरतातच, ती म्हणजे भारतातलं सिमकार्ड असलेला फोन. आपले सगळे ओटीपी त्याच्यावर येतात, तो गेला तर खात्यात पैसे असूनही कार्ड चालू-बंद करता येत नाही. तो फोन मॅप बघायला डॅशबोर्डच्या होल्डरवर लावू नका, त्यासाठी दुसरा वापरा. सिमला पिन लॉक लावा, म्हणजे चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी चालणार नाही, फक्त हा प्रयोग घरीच करून बघा, चुकीचा पिन तीनदा टाकला की सिम अडकतं.

आता वहिनींचं. मंगळसूत्र हा हट्टाचा विषय नाही, भावनेचा आहे, मी काढा म्हणून सांगणार नाही. पण रोजचं मोठं घरी लॉकरमध्ये ठेवून त्या दिवसांपुरतं छोटं, काळ्या मण्यांचं, कॉलरच्या आत राहील असं घालता येईल. पाटल्या मात्र घरी ठेवाव्यात असं मी कळकळीने सांगीन, कारण त्या हातातून काढल्या की मोटरहोममध्ये त्यांना जागाच नाही, आणि तिथल्या एवढ्याशा बाथरूममध्ये अंघोळीला जाताना त्या निघणारच. तरीही नेणार असाल तर जाताना मुंबई एअरपोर्टवर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे येताना हे सोनं बाहेरून आणलं का असा प्रश्न येणार नाही. त्यासाठी बिलं बरोबर ठेवा आणि वेळ हाताशी ठेवून निघा.

प्रश्न : फ्रान्समध्ये रात्री मोटरहोममध्ये गॅस सोडून झोपलेल्यांना बेशुद्ध करतात आणि मग सगळं लुटतात असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं. आईबाबा बरोबर आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे, म्हणून जास्त भीती वाटते. काय करावं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ही गोष्ट युरोपातही वर्षानुवर्षं फिरतेय. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने यावर जाहीरपणे सांगितलंय की असं करणं व्यवहारात शक्य नाही. ईथर या भुलीच्या औषधाला इतका उग्र वास येतो की झोपलेला माणूस उठेल, आणि अख्खी गाडी भरायची तर प्रचंड प्रमाणात लागेल. आणि ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ पेशंटच्या श्वासावर नजर ठेवून उशाशी बसलेला असतो तो उगीच नाही, देखरेख नसताना बेशुद्ध केलेली माणसं मेली असती, आणि तशा केसेस दिसल्या असत्या. झोपेत चोरी होते हे खरं आहे, पण दिवसभर गाडी चालवून दमलेला माणूस गाढ झोपतो आणि चोर आवाज न करता येतो, एवढंच त्याचं कारण असतं.

म्हणून मुक्काम हायवेवरच्या विश्रांतीच्या पार्किंगमध्ये करू नका, तिथे फक्त चहा-पाणी, पाय मोकळे करणं एवढंच. रात्री कॅम्पसाइट किंवा फ्रान्समध्ये गावोगाव मोटरहोमसाठी ठरवून दिलेली ‘एअर’ नावाची जागा असते तिथे, जिथे आजूबाजूला आणखी चार गाड्या आहेत. झोपताना पुढच्या दोन्ही दरवाजांच्या हँडलमधून सीटबेल्ट ओवून बकल लावून टाका, बाहेरून लॉक उघडलं तरी दार ओढता येत नाही. आग लागली तर आतून बकल एका झटक्यात सुटतं की नाही हे आधी दोनदा करून बघा आणि आईबाबांनाही दाखवून ठेवा. राहायच्या भागाचं दार मात्र असं बांधू नका, बाहेर पडायला ते मोकळं पाहिजे.

आणि गॅसची भीती बाळगायचीच तर आपल्याच गाडीतल्या गॅसची बाळगा. गाडीत सिलिंडर असतो, शेगडी असते, थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून खिडक्या बंद करून कोणी बसलं तर कार्बन मोनॉक्साइड खरंच जीव घेतो आणि त्याला वासही नसतो. त्याचा अलार्म गाडीत आहे का हे गाडी ताब्यात घेताना विचारा, नसेल तर विकत घ्या. वयस्कर माणसं बरोबर असताना हा खर्च वाचवू नका.

प्रश्न : आम्ही आइंडहोव्हनला राहतो, भारतातून सासू-सासरे येतायत, कॅम्परव्हॅन घेऊन बार्सिलोनाच्या पुढे जायचा प्लॅन आहे. ऑफिसमधला स्पॅनिश मित्र म्हणाला की हायवेवर कोणी टायरकडे बोट दाखवलं तर थांबू नका. एवढं काय असतं त्यात?
— एक वाचक, नेदरलँड्स

उत्तर : मित्राचं ऐका. फ्रान्सची बॉर्डर ओलांडून ला होन्केरावरून बार्सिलोनाकडे जाणारा एपी-७ हायवे या प्रकारासाठी प्रसिद्ध आहे. शेजारून गाडी येते, हात करून दाखवतात की टायर बसलाय, धूर येतोय, काहीतरी पडलंय, तुम्ही साइडला घेता, ते मदतीला उतरतात, एक जण तुम्हाला मागे चाकाजवळ नेतो आणि दुसरा पुढच्या उघड्या दारातून बॅग काढतो. आपण मदत करणाऱ्याशी सभ्यपणे वागायचं म्हणून उतरतो, त्याचाच ते फायदा घेतात. गाडीला खरंच काही झालं असेल तर स्टीयरिंगला जाणवतं, सावकाश चालवत पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जा आणि उजेडात, माणसांत बघा. थांबावंच लागलं तर एकानेच उतरायचं, चावी त्याच्या खिशात, बाकीचे आत आणि दारं लॉक. तिथे कॅटलोनियात हायवेवर असतात ते मोसोस द’एस्क्वाद्रा, म्हणजे तिथले पोलीस, युनिफॉर्मवर आणि गाडीवर नाव असतं. साध्या कपड्यातला कोणी पोलीस म्हणून पाकीट बघायला मागत असेल तर दार न उघडता ११२ ला फोन करा, हा नंबर युरोपियन युनियनमध्ये कुठेही चालतो.

तुमच्यासाठी एक वेगळं. तुमचं डच रेसिडन्स कार्ड आणि पासपोर्ट एका पाकिटात ठेवू नका. दोन्ही एकदम गेले तर आपण कोण आणि इथे राहायचा हक्क काय, दोन्ही सिद्ध करत बसावं लागतं. सासू-सासऱ्यांकडे तर व्हिसा लावलेला पासपोर्ट एवढंच आहे, तेव्हा वर ठाण्याच्या काकांना लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : न्यूझीलंडमध्ये कॅम्परव्हॅन घेतोय, दोघंच. मी फोटोग्राफी करतो, दोन बॉडी, लेन्सेस, लॅपटॉप आहे. न्यूझीलंड सेफ आहे ना? ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतलाय.
— एक वाचक, पुणे

उत्तर : देश सेफ आहे, पण ट्रेकच्या सुरुवातीला असतात त्या पार्किंगमध्ये गाड्या फुटतात, तिथले पोलीसही सांगतात की गाडीत दिसेल असं काही ठेवू नका. माणूस तीन तास डोंगरात गेलाय हे रिकाम्या गाडीकडे बघूनच कळतं. लेन्सेस बॅगेत घालायच्या त्या पार्किंगला पोचल्यावर नाही, निघायच्या आधीच, कारण कोणी बघत असेल तर तुम्ही काय कुठे ठेवलं हे त्यालाही दिसतं. जे उचलून ट्रेकला नेता येत नाही ते त्या दिवशी हॉलिडे पार्कवर, म्हणजे तिथल्या कॅम्पसाइटवर, ठेवायची सोय आहे का बघा. मेमरी कार्ड रोज बदलून खिशात. गेलेल्या कॅमेऱ्यापेक्षा गेलेले फोटो जास्त छळतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

इन्शुरन्सची पॉलिसी मात्र आज काढून वाचा, खरंच आज. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये सामानाचं कव्हर म्हणजे विमान कंपनीकडे चेक-इन केलेल्या बॅगेचं कव्हर असतं. गाडीतून चोरी झाली तर त्यात बसेलच असं नाही, आणि जिथे बसतं तिथेही गाडी लॉक होती का, जबरदस्तीने फोडल्याच्या खुणा आहेत का, गाडीत कोणी होतं का, रात्र होती का, अशा अटी असतात. व्हॅन कंपनीचा इन्शुरन्स व्हॅनचा, तुमच्या सामानाचा नाही. कॅमेऱ्याची वेगळी पॉलिसी मिळत असेल आणि ती परदेशात चालत असेल तर घ्या. सीरियल नंबर आणि बिलं मेलवर ठेवा. चोरी होऊन गेल्यावर कळली तर १०५ वर किंवा ऑनलाइन तक्रार करता येते, चोर समोर असेल किंवा जिवाला धोका असेल तर १११.

प्रश्न : इतकं करूनही पासपोर्ट गेलाच तर?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : जिथे गेला तिथल्याच पोलिसांकडे त्याच दिवशी तक्रार करा आणि त्यांच्या शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका, दूतावास आणि इन्शुरन्स दोघंही पहिल्यांदा तीच मागतात. मग जवळचा आपला दूतावास किंवा कॉन्सुलेट, इटलीत रोम आणि मिलान, जर्मनीत म्युनिकलाही आहे, स्पेनमध्ये माद्रिद आणि बार्सिलोना. पासपोर्टची झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटो आणि परतीचं तिकीट जवळ असेल तर काम सोपं होतं, म्हणून फोटोंचं पाकीट बरोबर ठेवाच. परत निघायला दिवस असतील तर तातडीने नवीन पासपोर्ट मिळेल का हे तिथे विचारा, पण नवीन पासपोर्टात जुना व्हिसा आपोआप येत नाही, पुढचा प्रवास आणि बाहेर पडताना काय कागद लागतील हे त्याच खेपेला विचारून घ्या. चोरीला गेल्याची तक्रार दिल्यावर तो पासपोर्ट रद्द होतो, नंतर सापडला तरी त्याच्यावर प्रवास करू नका.

प्रश्न : मोटरहोमची दुसरी चावी बाहेरून चाकाजवळ कुठेतरी लपवून ठेवली तर चालेल का, हरवायची भीती वाटते.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नको. चाकावरची जागा चोर आधी चाचपडतो. कंपनीने दोन चाव्या दिल्या तर दोघांनी एकेक खिशात ठेवा, एकच दिली तर पट्ट्याला साखळीने अडकवा आणि कंपनीचा चोवीस तास चालणारा नंबर फोनमध्येही आणि कागदावरही लिहून ठेवा.